चित्र मंद करा, अक्षरे नकोत

संकेतस्थळे सजविणाऱ्यांच्या हाती टेलविंड नावाचे एक साधन आहे. त्यातील 'ब्राइटनेस-५०' हा क्लास (आपल्या तासाचा नव्हे, शैलीला दिलेले नाव!) चित्राला लावला, की त्याची उजळता निम्मी होते. १०० म्हणजे मूळची, १५० म्हणजे दीडपट, ० म्हणजे निव्वळ काळोख. छायाचित्रावर पांढरी अक्षरे लिहायची असतील, तर ५० उत्तमच. पण हाच क्लास चित्र व मजकूर दोन्ही असलेल्या चौकटीला लावला, तर पांढरी अक्षरेही राखाडी होतात. कित्येक जण हे हौसेने करतात आणि त्याला सौंदर्य म्हणतात. मला ते मान्य नाही. साध्या मजकुराचे पार्श्वभूमीशी तेजाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, असे डब्ल्यूसीएजी हे जागतिक निकष सांगतात. माझे वडील शिष्यवृत्तीची अंतिम तारीख बांधावर उभे राहून, भर उन्हात, जुन्या फोनवर वाचतात. त्यांना ती राखाडी तारीख कशी दिसावी? उजळता कमी करायची तर फक्त चित्राची करावी. मजकूर त्यावर वेगळ्या थरात ठेवावा. दोन ओळींचे तर काम!