पान पिवळं, पोटात गोळा

सोमवारी सकाळी ऑफिसला निघालो, बूट घालायला गॅलरीत आलो आणि पोटात गोळाच आला. संत्र्याच्या कुंडीतली नवी पालवी पिवळीजर्द! शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी सगळं पान लिंबाच्या सालीसारखं.

आता तुम्ही म्हणाल, एका कुंडीसाठी एवढा ड्रामा? तर थोडं बॅकग्राऊंड सांगतो. काटोलजवळची आमची संत्र्याची बाग आजोबांनी लावलेली. गेल्या वर्षी ती काढावी लागली. डिंक्या लागला होता. या रोगात झाडाच्या बुडाशी साल कुजते, डिंक गळतो आणि झाड हळूहळू वाळत जातं. भारी काळी माती आणि साचलेलं पाणी म्हणजे या बुरशीची चंगळच. बाग जाण्याआधी बाबांनी त्यातल्या एका ठणठणीत झाडाचे डोळे काढून जंबेरीच्या रोपांवर तीन कलमं बांधली. एकच जगलं. शेतातल्या मातीत रोग अजून आहे, म्हणून ते कुंडीत लावून दिवाळीला माझ्या हातात दिलं. ‘हे सांभाळ’ एवढंच म्हणाले. बाबा एरवीही फार बोलत नाहीत.

आणि मी? मार्चमध्येच ते पिवळं करून बसलो होतो.

मग सुरू झाला सल्ल्यांचा महापूर. ऑफिसमधला शेजारी म्हणाला, ‘युरिया टाक यार, दोन दिवसांत हिरवंगार!’ टाकला. टीममधली एक जण म्हणाली, ‘लोह कमी पडतंय, गंजलेले खिळे खुपस.’ तेही खुपसले. वॉचमनकाका म्हणाले, ‘ऊन तापून राह्यलं, पानी वाढवा.’ सकाळ-संध्याकाळ एकेक तांब्या सुरू केला. मध्ये एका रविवारी मोठ्या कुंडीत हलवून वरून छान काळी मातीही भरली. आपल्याकडून कसर नको! आठवड्याभरात नवी पानं आणखी फिकट झाली, काहींचे शेंडे करपले.

त्यात बाबांचा फोन. ‘रविवारी येतो, डोळे दाखवायचे आहेत.’ खरं सांगतो, कुंडी चार दिवस शेजाऱ्यांकडे ठेवावी असाही विचार डोक्यात येऊन गेला.

रविवारी बाबा आले. पाणी प्यायले आणि थेट गॅलरीत. मी मागे उभा, शाळेत प्रगतिपुस्तक दाखवताना असायचो तसा. त्यांनी पान हातात घेतलं, उलटं केलं. मग बोट मातीत खुपसलं. चिखल.

‘काहून बे, झाडाले पानी पाजून राह्यला का बुडवून राह्यला?’

त्यांनी आधी हातानेच बुडाजवळची माती उकरली. मी वरून भरलेल्या मातीत कलमाचा जोड गाडला गेला होता. तो बोटावर टकटक करत ते म्हणाले, ‘हा जोड मातीच्या वीतभर वर पायजे. खाली जंबेरी आहे. वर आपला संत्रा. ओली माती त्याले लागली का खेळ खल्लास.’ बाग ज्या रोगाने गेली, त्याचीच सोय मी प्रेमाने करून ठेवली होती. मला खरंच बोलायला सुचेना.

मग बाबांनी पान वाचायला शिकवलं. कोणतं पान पिवळं झालं, नवं की जुनं, हे आधी बघायचं. नत्र आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकतं, म्हणून ते कमी पडले की खालची जुनी पानं आधी पिवळी होतात. लोह एकदा पानात गेलं की तिथून हलत नाही. ते कमी पडलं की कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. पानं बारीक राहिली आणि शिरांच्या मधे पिवळे चट्टे आले, तर जस्तावर संशय घ्यायचा.

गंमत म्हणजे आपल्याकडच्या मातीत लोह भरपूर असतं! पण काळी माती चुनखडीची, तिचा सामू बहुधा साडेसातच्या वर. अशा मातीत लोह अडकून बसतं, मुळांना मिळत नाही. त्यात बेसा भागातल्या आमच्या बिल्डिंगला बोअरचं जड पाणी, म्हणजे रोज थोडा चुना वरून. आणि सतत ओल्या मातीत मुळांना हवा नाही, त्यामुळे आहे तेही घेता येत नाही. खिळ्यांनी काय होणार, कपाळ? युरियाने तर शेंडे जाळले होते.

उपाय मात्र सोपा निघाला. त्याच दिवशी कुंडी रिकामी केली. लाल माती, जाड रेती आणि कुजलेलं शेणखत सारख्या प्रमाणात घेतलं. भोकं मोकळी केली, जोड वर ठेवला. पाणी आता बोट दोन पेरं आत कोरडं लागलं तरच. फवारणीसाठी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम आणि पानं जळू नयेत म्हणून त्यात अडीच ग्रॅम चुना. गाळून, संध्याकाळीच फवारायचं. मातीतून द्यायचं तर चिलेटेड आयर्न घ्या आणि पाकिटावर ‘ईडीडीएचए’ लिहिलंय का बघा. चुनखडीच्या मातीत तेच टिकतं. गुलाब, मोगरा, अनंत यांची पालवी पिवळी पडली, तरी आधी हाच हिशोब मांडून बघा. मनीप्लांटची खालची पानं पिवळी पडत असतील, तर औषध आणण्याआधी आठवडाभर पाण्याचा हात आवरा.

तरीही कळलं नाही तर? आपण नागपुरात राहतो, राव! लिंबूवर्गीय झाडांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था अमरावती रोडवर आहे, १९८५ पासून. आयुष्यभर तिच्यासमोरून बाइक पळवली, बोर्ड कधी नीट वाचला नव्हता.

तीन आठवडे झाले. जुनी पिवळी पानं अर्धवटच सावरली, काही गळली. पण शेंड्याला चार नवी पानं आलीत, हिरवी. परवा बाबा चष्मा न्यायला परत आले. नवा चष्मा लावून सरळ गॅलरीत गेले, एक पान उलटं करून पाहिलं, बोट मातीत खुपसलं, जोडावरून अंगठा फिरवला. मी श्वास रोखून उभा.

‘चहा मांड,’ म्हणाले. ‘आणि कुंडीवर हिरवी जाळी बांध. मे महिना येऊन राह्यला.’