तारीख आणि किल्ली

वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी शिकवले जाते की तारखेशिवाय नोंद नाही. रोजकीर्दीचा पहिला रकानाच तारखेचा असतो. कापसाच्या अडत दुकानातला दिवाणजीसुद्धा पान उघडले की आधी तारीख घालतो, मग रक्कम. आणि तिजोरीची किल्ली मालकाकडे असते. संगणकासमोर बसलो की मात्र हे दोन्ही नियम आपण विसरतो. पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ दहा वर्षे मागे असले तरी 'चालतंय ना' म्हणतो, आणि काही अडले की 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' होऊन आत शिरतो. माझ्या मते हा एकच रोग आहे आणि त्याचा इलाज प्रयोगशाळेतच व्हायला हवा.

गेल्या वर्षी आमच्या जिल्ह्यातील एका इंटरनेट केंद्रात शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला रांग लागली होती. पडद्यावर एकच सूचना येई : 'हे कनेक्शन सुरक्षित नाही.' केंद्रचालक लाइनला दोष देत होता. कोपऱ्यात तारीख होती २००९ सालची! प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक प्रमाणपत्र असते आणि त्यावर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. २००९ मध्ये बसलेल्या संगणकाला आजचे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही. अशा वेळी 'तरीही पुढे जा' हे बटण दाबण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. बँकेचा खाते क्रमांक भरायचा असताना हा सल्ला देणाऱ्याचे धाडस वाखाणण्यासारखे आहे.

मूळ कारण मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल. बहुतेक संगणकांत तो सीआर २०३२ असतो : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट. मुख्य वीजपुरवठा बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालते. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रयोगशाळेचा मुख्य स्विच महिनोन्‌महिने बंद असतो, तेव्हा सगळा भार या सेलवरच येतो. तो संपला की तारीख कारखान्यात घातलेल्या जुन्या दिवसावर जाऊन बसते. इतकी मोठी चूक इंटरनेटवरून आपोआप दुरुस्त होईलच असे नाही. आधी हाताने तारीख जवळपास आणावी लागते. सेल न बदलता रोज सकाळी काटे फिरवणे म्हणजे गळक्या माठात पाणी भरणे.

दुसरी गफलत 'टाइम झोन'ची. नव्याने विंडोज घातलेल्या संगणकावर पुष्कळदा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ तशीच राहते. हिवाळ्यात ती आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. म्हणून सकाळी दहा वाजता पडद्यावर आदल्या रात्रीचे साडेआठ दिसतात. आपण काटे पुढे करतो, इंटरनेट जोडले की ते पुन्हा मागे जातात. बदलायचा असतो तो झोन.

आता किल्लीची गोष्ट. विंडोजमध्ये साध्या वापरकर्त्याला टाइम झोन बदलता येतो, वेळ बदलता येत नाही. पुष्कळांना हा जाच वाटतो. मला तो शहाणपणा वाटतो. झोन बदलल्याने फक्त दाखवण्याची रीत बदलते, वेळ बदलल्याने मागच्या तारखेचे व्हाउचर तयार करता येते. परंतु आपल्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारे सगळे एकाच खात्यातून, एकाच पासवर्डने आत जातात. विंडोज नव्याने घातल्यावर जुन्या फाइलींवर 'प्रवेश नाकारला' असे आले, की 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देऊन मोकळे होतात. त्या फाइलींची मालकी नव्या खात्याकडे घेऊन फक्त त्याच खात्याला परवानगी दिली तरी भागते. पण तिजोरीचे दार काढून ठेवणे सोपे जाते ना!

आमच्या भागात निजामी अमदानीच्या कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की ढोबळमानाने इसवी सन मिळतो. फरक ठरलेला, म्हणून तो कागद आजही वाचता येतो. बंद पडलेल्या घड्याळाच्या नोंदींना असा कोणता आकडा मिळवणार?

१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची, तो कधी झाला त्या तारखेसह, नोंद राहणे आणि ती नोंद बंद करता न येणे बंधनकारक झाले आहे. उद्या लेखापरीक्षकाच्या हाताखाली आपल्यापैकीच काही जण ही नोंद तपासणार. पण ज्याला घड्याळ मागे घेता येते त्याच्यापुढे अशा नोंदीतली तारीख किती टिकेल? आणि सगळे एकाच नावाने आत गेले, तर बदल कोणी केला हे कसे सांगणार?

म्हणून प्राध्यापकांना विनंती अशी की येत्या सत्राआधी प्रयोगशाळेतील सेल तपासून घ्यावेत, झोन भारताचा करावा, प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या हजेरी क्रमांकाचे साधे खाते द्यावे आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड फळ्यावरून पुसून टाकावा.