कायद्याला ब्रेक नकोत, घाटाला हवेत!

मंडळी, उन्हाळी सहलीचं ठरत होतं तेव्हा मी एक साधी सूचना मांडली होती. रेमुटाका ओलांडून कॅसलपॉइंटला ज्यांना बोट न्यायची आहे, त्यांच्या ट्रेलरला ब्रेक हवेत. त्यावर एक मित्र हसत म्हणाला, "अरे, कायद्याने लागत नाहीत!" तेवढ्यात भेळ आली आणि विषय संपला. माझ्यापुरता तो संपलेला नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

मित्राचं म्हणणं खरं आहे. भरलेल्या ट्रेलरचं वजन २००० किलोपर्यंत असेल तर न्यूझीलंडमध्ये त्याला ब्रेक बसवण्याची सक्ती नाही. शेजारच्या ऑस्ट्रेलियात हीच मर्यादा ७५० किलो आहे, युरोपातही ७५०च. आता आपल्या बोटी त्यांच्यापेक्षा हलक्या आहेत की आपले डोंगर त्यांच्यापेक्षा सपाट आहेत, हे मला कुणीतरी समजावून सांगावं!

आपल्या नियमात एक अट मात्र आहे. गाडी आणि ट्रेलर मिळून ताशी ३० किलोमीटर वेगावरून ७ मीटरच्या आत थांबले पाहिजेत. वाचायला छान वाटतं. पण गाडीचा वॉरंट ऑफ फिटनेस वेगळा होतो आणि ट्रेलरचा वेगळा. दोन्ही पत्रिका उत्तम, पण जुळवून कुणी पाहिल्याच नाहीत! शिवाय ते ७ मीटर सपाट रस्त्यावर आणि थंड ब्रेकवर मोजायचे. उतारावर, तापलेल्या ब्रेकवर काय होतं ते मी स्वतः अनुभवलं आहे.

पाच वर्षांपूर्वी आम्ही सेकंडहँड फायबरग्लासची बोट घेतली. विकणाऱ्याने ट्रेलरवर थाप मारून "शी'ल बी राइट" म्हटलं आणि आम्ही विश्वास ठेवला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सिस्टिम्सचं टेस्टिंग केलं, पण स्वतःची सिस्टिम टेस्ट न करताच थेट लाइव्ह केली! रेमुटाकाचा माथा ५५५ मीटरवर आहे. तिथून फेदरस्टनकडे वळणावळणाचा उतार सुरू होतो. निम्म्यावर जळका वास यायला लागला. थोड्या वेळाने ब्रेकचं पेडल लोण्यासारखं मऊ लागलं. मागे दोन्ही मुलं बसलेली, आणि त्यांच्या मागून बोट आम्हाला पुढे रेटत होती. गिअर खाली टाकला, कडेला रुंद जागा मिळाली आणि आम्ही थांबलो. बायको काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

नंतर घरी हिशेब मांडला. गाडी, माणसं, बोट आणि ट्रेलर मिळून साधारण ३५०० किलो. एवढं वजन ५०० मीटर खाली उतरवताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात सुमारे ५० लिटर पाण्याला उकळी येईल. त्यातली काही हवा आणि इंजिन खातं. उरलेली सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाते, आणि ट्रेलरला ब्रेक नसतील तर गाडीच्या चार चाकांना ती एकट्याने सोसावी लागते. जुन्या ब्रेक ऑइलने हवेतलं पाणी ओढून घेतलेलं असतं. ते उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक नाही.

"माझी एसयूव्ही दणकट आहे" असं म्हणणाऱ्यांनी कृपया गाडीचं मॅन्युअल उघडावं. टोइंगचे तिथे दोन आकडे असतात, ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी एक आणि नसलेल्यासाठी दुसरा. पहिला आकडा आपण पार्टीत सांगतो. दुसरा बऱ्याच गाड्यांत ७५० किलोच असतो. आमचा ट्रेलर वजनकाट्यावर १३५० किलो भरला. ब्रोशरमधल्या आकड्यात पेट्रोल, बर्फ, नांगर यांतलं काहीच धरलेलं नव्हतं.

"खाऱ्या पाण्याने ब्रेक गंजतात, मग कशाला बसवायचे?" या आक्षेपात मात्र दम आहे. रॅम्पवर चाकं समुद्रात बुडतात, आणि हेळसांड केली तर ब्रेक जाम होतात. जाम झालेला ब्रेक नसलेल्या ब्रेकपेक्षाही वाईट. पण मासे साफ करायला तासभर देणारे आपण, ब्रेक गोड्या पाण्याने धुवायला दहा मिनिटं देऊ शकत नाही? रॅम्पवर पोचल्यावर हब गार होईपर्यंत थांबायचं, नाहीतर तापलेला हब थंड पाण्यात बुडताच बेअरिंगमध्ये पाणी ओढून घेतो. तेवढ्या वेळात चहा होतो.

ब्रेक बसवले म्हणजे सगळं झालं असंही नाही. साधे ओव्हरराइड ब्रेक ट्रेलरच्या रेट्यावरच चालतात, त्यामुळे लांब उतारावर तेही सतत घासून तापतात. म्हणून माथ्यावरच गिअर खाली टाकायचा. ऑटोमॅटिक गाडीलाही खालचा गिअर असतो बरं का!

आणि हे आपल्याला नवीन आहे का? आपण खंडाळ्याचा घाट पाहत मोठे झालो. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये चालवू नका, ही पाटी आपण मराठीत वाचली आहे. घाटात ब्रेक गेलेल्या ट्रकांच्या बातम्या वाचल्या आहेत. फेदरस्टनला फेल इंजिनाचं म्युझियम आहे, तिथे मुलांना जरूर न्या. १८७८ ते १९५५ या काळात १५ मीटरला १ मीटर अशा चढावरून इथे रेल्वे चालली. उतरताना इंजिनावर भरवसा नव्हता, म्हणून गाडीला खास ब्रेकव्हॅन जोडत, आणि ते मधल्या तिसऱ्या रुळाला चिमटा घेत उतरत. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांना कळलं होतं की मागच्या वजनाला स्वतःचा ब्रेक हवा.

छोटी अॅल्युमिनियमची बोट घेऊन घरापासून जवळच्या रॅम्पवर सपाटीने जाणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण डोंगर ओलांडायचा असेल तर भांडण आहे. मंडळाच्या सहलीत आपली पोरं एकमेकांच्या गाड्यांत बसतात. माझी मुलगी तुमच्या गाडीत बसणार असेल तर तुमच्या ट्रेलरला ब्रेक आहेत का, हे विचारायचा मला हक्क आहे. तुम्हालाही तोच हक्क आहे. पुढच्या वार्षिक सभेत हा ठराव मी लेखी मांडणार आहे. कृपया भेळ त्यानंतर आणावी.