पैठणीचे नाव आणि विणकराचे पोट

स्वदेशीच्या चळवळीचे स्मरण म्हणून २०१५ पासून ७ ऑगस्ट हा दिवस राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी विणकरांचा गौरव होतो, हे योग्यच आहे; परंतु येवले व भोवतालच्या खेड्यांतील पैठणी विणणाऱ्या कारागिराला आज गौरवापेक्षा संरक्षणाची निकड अधिक आहे.

येवल्याचा मुलूख अवर्षणाचा. शेतीचा भरवसा नाही, तेथे मागाने संसार तारले. घरातील एकाने रेशीम उकलावे, दुसऱ्याने कांड्या भराव्या आणि तिसऱ्याने मागावर बसावे, असा हा कुटुंबाचा धंदा आहे. पदरावरील मोर आणि मुनिया रंगीत धागे एकमेकांत गुंतवून हातानेच भरावे लागतात. भरगच्च पदराला कित्येक महिने लागतात, ते यामुळेच. यंत्रमाग तशीच दिसणारी नक्षी अल्पावधीत उठवतो आणि ते वस्त्रही पैठणी म्हणूनच विकले जाते.

कायद्यांची वाण आहे काय? मुळीच नाही. १९८५ च्या कायद्याने काही वस्तू हातमागासाठी राखून ठेवल्या. आरंभी २२ असलेली त्यांची संख्या पुढे ११ वर आली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. २००६ मध्ये हातमाग चिन्ह आले आणि २०१० मध्ये पैठणीस भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. असे असूनही २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशातील सुमारे दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांहून कमी आढळले. कायदा कागदावर आणि विणकर कर्जात, अशी ही अवस्था आहे.

यंत्रमागावर बंदी घाला, असे आमचे म्हणणे नाही. त्यावर राबणाऱ्यालाही पोट आहे आणि बेताच्या ऐपतीच्या गृहिणीलाही हौस आहे. यंत्रावरचे वस्त्र यंत्रावरचे म्हणून विकावे, एवढीच आमची मागणी आहे. सरकारने दुकानादुकानांतून तपासणी करावी, प्रत्येक साडीवर ती कशावर विणली हे लिहिणे सक्तीचे करावे आणि खोटे नाव लावणाऱ्यास शासन करावे. ग्राहकानेही पदर उलटून पाहावा. अस्सल पैठणीचा पदर दोन्ही अंगांनी सारखाच दिसतो. यंत्रावरच्या पदराला बहुधा मागे सुटे धागे लोंबतात.

दुसऱ्याच्या श्रमाचे नाव चोरणे ही चोरीच होय. ती थांबली नाही, तर विणकराचा मुलगा मागावर बसणार नाही. आणि मग पैठणी पाहावयास वस्तुसंग्रहालयातच जावे लागेल.