आठ अंडी आणि चाळिसावे वर्ष

या पानावर एरवी आपण बियाणे, खते आणि दुभती जनावरे यांविषयी बोलतो. आज एका गोलरक्षकाची हकीकत सांगतो. ती सुरू होते शेतकऱ्याच्या घरात, आणि तिच्यातला प्रश्न आपल्याही घरात रोज उभा राहतो. चौदा वर्षांच्या पोराकडे पाहून ते पुढे काय होणार, हे ठरवून टाकावे का?

इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात फ्रिउली नावाचा मुलूख आहे. तेथल्या मारियानो या खेड्यात २८ फेब्रुवारी १९४२ रोजी दीनो झोफ जन्मला. घरी शेती. पोराला नाद फुटबॉलचा, आणि त्यातही गोल राखण्याचा. कोल्हापूरकरांना हा खेळ समजावून सांगायला नको. इतरांसाठी एवढेच की गोलाची चौकट चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच असते, आणि ती एकट्याने राखायची असते. अशा चौकटीत उंच माणूस हवा, असे कोणीही म्हणेल. चौदाव्या वर्षी झोफ इंटर आणि युव्हेंटस या दोन मोठ्या क्लबांपुढे चाचणीला उभा राहिला. दोघांनीही उंची कमी म्हणून त्याला परत पाठवले.

घरी आजी होती, आदेलाइदे नावाची. तिने उपाय काढला, पोराने दिवसाला आठ अंडी खायची. पुढच्या पाच वर्षांत झोफ ३३ सेंटिमीटरने, म्हणजे एक फुटाहून जास्त वाढला.

आता येथे माझ्यातला कृषी पदवीधर गप्प बसणार नाही. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात. आठ अंड्यांची झाली अठ्ठेचाळीस. वाढत्या वयात प्रथिने हवीतच, पण उंची काही अंड्यातून येत नाही. ती बियाण्यात असते. खाणे पोटभर मिळाले तर ती दिसते, नाही मिळाले तर खुंटते. आणि काही मुले उशिराच वाढतात. हळवे भात निसवले तरी शेजारच्या वाफ्यातले गरवे हिरवेच असते, म्हणून कोणी ते उपटून टाकत नाही. तेव्हा आजीचे कौतुक करा, पण नातवाला आठ अंडी चारू नका. रोज एखाददुसरे अंडे, बरोबर डाळ, दूध, मूठभर शेंगदाणे एवढे पुष्कळ झाले. आणि ते नातीच्याही ताटात पडू द्या. हे मला मुद्दाम सांगावे लागते, याचे वाईट वाटते.

पोरगा खेळत राहिला, पण हाती कसब असावे म्हणून मेकॅनिकचे कामही शिकला. वडील खेळाचे फार लाड करणाऱ्यांतले नव्हते. एकदा गोल कसा झाला असे त्यांनी विचारले. तो तेथून मारील असे वाटले नव्हते, असे झोफ म्हणाला. तेव्हा वडिलांनी विचारले, मग तुझा धंदा कोणता, औषधे विकण्याचा? ही गोष्ट झोफनेच पुढे सांगितली आहे.

१९६१ मध्ये उदिनेसे क्लबकडून पहिल्या दर्जाच्या पहिल्याच सामन्यात त्याने पाच गोल खाल्ले. मग मांतोवा, मग नेपल्स. १९६८ साली इटली युरोपची विजेती झाली तेव्हा चौकटीत तोच होता. १९७० च्या विश्वचषकात मात्र त्याला बाकावर बसावे लागले. १९७२ मध्ये त्याला घेतले ते युव्हेंटसने, ज्यांनी पोरपणी परत धाडले होते त्यांनीच. तेथे अकरा हंगामांत त्याने लीगचे ३३० सामने ओळीने खेळले, एकही चुकवला नाही. गोठ्यात दोन वेळची धार काढणाऱ्याला याची किंमत कळेल. सप्टेंबर १९७२ पासून जून १९७४ पर्यंत देशाच्या सामन्यांत ११४२ मिनिटे त्याच्यावर एकही गोल झाला नाही. शेवटी हैतीच्या सानोनने तो केला.

१९७८ च्या विश्वचषकात मात्र नेदरलँड्स आणि ब्राझील यांनी लांबून चेंडू मारून त्याच्यावर गोल केले. त्याचे वय तेव्हा छत्तीस. नजर अधू झाली, संपला, असे लोक बोलू लागले. म्हणजे चौदाव्या वर्षी कच्चा आणि छत्तिसाव्या वर्षी पिकून गळालेला! प्रशिक्षक बेआरझोत यांनी त्याला काढले नाही, कप्तानपदही त्याच्याकडेच ठेवले.

५ जुलै १९८२, बार्सिलोना. ब्राझीलविरुद्ध इटली ३-२ ने पुढे, आणि ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती. शेवटच्या मिनिटांत ऑस्करने डोक्याने मारलेला चेंडू खाली कोपऱ्याकडे आला. झोफने तो बाहेर ढकलला नाही. रेषेवरच दोन्ही हातांनी दाबून धरला. ब्राझीलचे खेळाडू गोल गोल म्हणून हात वर करीत होते. पंचांनी तो दिला नाही. ११ जुलैला माद्रिदमध्ये पश्चिम जर्मनीला ३-१ हरवून चाळीस वर्षांच्या झोफने विश्वचषक उचलला. परतीच्या विमानात राष्ट्राध्यक्ष पेर्तिनी त्याला जोडीला घेऊन पत्ते खेळत बसले होते.

पुढल्या वर्षी २५ मे रोजी अथेन्समध्ये युरोपियन कपचा अंतिम सामना झाला. हॅम्बर्गच्या मागाटने पुन्हा लांबूनच चेंडू मारला आणि युव्हेंटस १-० ने हरले. त्याच उन्हाळ्यात, एक्केचाळिसाव्या वर्षी, झोफने खेळणे थांबवले. पुढे त्याच क्लबचा तो प्रशिक्षक झाला आणि १९९० मध्ये त्याने त्यांना युएफा कप जिंकून दिला.