आधी अंघोळ नको, आधी दवाखाना

सात वर्षांपूर्वी आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंची मुलगी सकाळी सकाळी दारात येऊन उभी राहिली. काय झालं ते सांगताना तिला धड बोलताही येत नव्हतं. आणि मी काय केलं? गीझर लावला. "आधी अंघोळ कर, मग बघू." तिचे कपडे मी स्वतः मशीनमध्ये टाकले. आपल्या घरांत अंघोळीशिवाय चूलही पेटत नाही ना, तीच सवय. माया होती हो त्यात, पण पुरावा मीच धुतला. व्हाउचर नाही तर नोंद नाही, हे बी.कॉम.ला घोटून शिकलेल्या बाईने!

मग जवळच्या खासगी हॉस्पिटलात गेलो. काउंटरवर म्हणाले, "ही पोलीस केस आहे. आधी पोलिसांचं पत्र आणा." मी मान डोलावून परत फिरले.

याचाच राग अजून जात नाही, त्यांचाही आणि माझाही. कायदा तेव्हाही तिच्या बाजूने होता. 2013 पासून सरकारी असो की खासगी, प्रत्येक हॉस्पिटलने अशा बाईवर ताबडतोब आणि फुकट उपचार करायचेच आहेत. आता हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 मध्ये आहे. नाकारलं तर न्याय संहितेच्या कलम 200 खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पोलिसांना कळवायचं काम हॉस्पिटलचं. तिला पत्रासाठी पिटाळायचं नाही.

तपासणी होते ती तिच्या संमतीने. ती नको म्हणाली तरी उपचार थांबवता येत नाहीत. आणि ती 'दोन बोटांची चाचणी'! 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती बाईच्या प्रतिष्ठेवर घाला आहे असं सांगितलं. तरी 2022 मध्ये पुन्हा बजावावं लागलं, की ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली, यातच काय ते समजा.

भिशीत मी हे काढलं, तर एकजण म्हणाली, "अशा गोष्टी घरातच जिरवाव्यात." का? मंगळसूत्र चोरीला गेलं तर पोलीस चौकीत तासन् तास बसतोच की आपण.

म्हणून सांगते, अंगाला पाणी लावू देऊ नका. कपडे बदललेच तर न धुता कागदात गुंडाळून न्या, प्लास्टिकच्या पिशवीत नको. आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या सूचनांप्रमाणे 96 तासांपर्यंत नमुने घेता येतात. अंघोळ झाली असली, उशीर झाला असला तरी जायचंच. औषधोपचार लागतातच, जखमांची नोंदही होते. अहवालाची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

त्या मुलीची तपासणी तिसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयात झाली. डॉक्टरबाईंनी त्या दिवशीचे कपडे मागितले. मी पिशवीतून काढून दिले. धुतलेले, इस्त्री करून घडी घातलेले.