राज्यसीमा आणि वाङ्मयसीमा : भीमेच्या दोन्ही काठांविषयी

महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातील सांस्कृतिक साम्याविषयी आपल्याकडे बहुधा दोनच प्रसंगी बोलले जाते : सीमाप्रश्न पेटला म्हणजे, किंवा विठ्ठलाचे 'कानडेपण' सांगावयाचे असले म्हणजे. पहिल्या प्रसंगी साम्य हा मालकीचा पुरावा ठरतो; दुसऱ्या प्रसंगी ते कौतुकाचा विषय होऊन तेथेच विरते. १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६७ चा महाजन अहवाल, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा ही वाट राजकारणाची आहे, आणि आपल्या भाषेत शिक्षण व कारभार मिळावा ही सीमाभागातील लोकांची मागणी रास्तच आहे. परंतु त्या वादाची चौकट वाङ्मयाच्या अभ्यासानेही स्वीकारावी, याला काही कारण नव्हते. ती आपण नकळत स्वीकारली आणि त्यामुळे मराठी वाङ्मयेतिहास अपुरा राहिला, असे माझे मत आहे.

मुळात तुलनेचे एककच चुकते. 'महाराष्ट्र' आणि 'कर्नाटक' हे दोन सलग सांस्कृतिक प्रदेश मानून साम्यभेदांची यादी करणे सोपे असते, पण रत्नागिरीचे नाते जितके कारवारशी आहे तितके सोलापूरशी नाही. आणि सोलापूरचे नाते विजापूरशी आहे. ही विभागणी सह्याद्रीने केलेली आहे. महाबळेश्वरी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सोलापुरास त्याचा सहावा हिस्साही पोचत नाही. पर्जन्यछायेतील हा पट्टा, त्यातील बेसॉल्टपासून झालेली काळी जमीन, परतीच्या पावसावर पेरली जाणारी रब्बीची ज्वारी, उन्हाळ्यात आटणाऱ्या नद्या आणि मेंढरे घेऊन फिरणारा धनगर हे सारे भीमेच्या दोन्ही काठांना सारखेच आहे. इकडचा बिरोबा तिकडे बीरप्पा होतो, खंडोबा मैलार होतो. गुंथर सोन्थायमर आणि रा. चिं. ढेरे यांनी या देवतांचा माग काढला तो राज्यांच्या नकाशावरून नव्हे, मेंढपाळांच्या वाटांवरून.

एक साधे उदाहरण घेऊ. लातूर-धाराशिव भागात मार्गशीर्ष अमावास्येला 'येळवस' होते. शेतात कडब्याची खोप उभारून पूजा करतात, आंबील आणि भज्जी करतात, गावे ओस पडून शिवारे भरतात. सुशिक्षित मराठी या सणाला 'वेळा अमावास्या' असे लिहिते आणि त्यात 'वेळ' शोधू लागते. वस्तुतः सीमेपलीकडे हीच 'यळ्ळ अमावास्या' आहे, आणि 'यळ्ळु' म्हणजे तीळ. शेताला फेरी घालताना जी आरोळी दिली जाते तिचाही अर्थ मराठीच्या आधारे लागत नाही. शेतकऱ्याचे त्यावाचून अडत नाही; अभ्यासकाचे मात्र अडावयास हवे. 'तूप', 'अक्का', 'अण्णा' या शब्दांची व्युत्पत्ती सांगून आपण कन्नडचे ऋण फेडल्यासारखे करतो, पण सबंध विधीच दोन भाषांत जगत असेल तर तो शब्दकोशात मावत नाही.

याहून महत्त्वाचे उदाहरण मंगळवेढ्याचे. बाराव्या शतकात ते कलचुरी बिज्जलाचे ठाणे होते, आणि बसवेश्वरांच्या चरित्रपरंपरेत त्याला मोलाचे स्थान आहे. त्याच शतकात जवळच्याच सोलापुरात सिद्धरामेश्वर कन्नडमध्ये वचने रचीत होते. पुढे दीड शतकाने त्याच मंगळवेढ्यात चोखामेळा राहत होता. १३३८ मध्ये तेथील कुसवाच्या कामावर दरड कोसळून त्याचा अंत झाला. कन्नडमध्ये मादार चेन्नय्या आणि डोहर कक्कय्या यांची नावे वचनकारांत आदराने घेतली जातात. महाराष्ट्रातील ढोर समाज कक्कय्यांना आजही आपले मानतो. वचनांचा अभंगावर थेट प्रभाव पडला, असे मी म्हणत नाही. तसे म्हणावयास पुरावा हवा. परंतु एकाच गावाच्या परिसरात, बोलभाषेत, जातीच्या तळातून भक्तिकवितेचे दोन प्रवाह उमटतात आणि आपल्या इतिहासग्रंथांत ते एकमेकांना भेटत नाहीत, ही गोष्ट खटकण्यासारखी आहे. सिद्धरामेश्वर 'कन्नड' म्हणून आपल्याकडून सुटतात. तिकडे चोखोबा 'मराठी' म्हणून सुटत असेल.

साम्य म्हणजे एकरूपता नव्हे, हे खरेच. इरावती कर्वे यांनी दाखविल्याप्रमाणे, मामाच्या मुलीशी विवाह महाराष्ट्रात अनेक जातींत चालतो. बहिणीच्या मुलीशी विवाह मात्र दक्षिणेचा. परंतु भेदाची अशी रेषा दिसते तीदेखील शेजारी पाहिल्यावरच.

आधुनिक साहित्यातही हीच अडचण आहे. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती. कन्नडचे हे थोर कवी १९४४ ते १९५६ या काळात सोलापूरच्या महाविद्यालयात कन्नड शिकवीत होते. जी. ए. कुलकर्णी यांचे आयुष्य बेळगाव-धारवाडात गेले आणि तेथेच त्यांनी इंग्रजी शिकविले. त्यांच्या कथेतील नियती आणि मिथके यांवर आपण प्रबंधांमागून प्रबंध लिहितो, पण त्या कथांतील उजाड माळ, गावे आणि कानडी वळणाची बोली यांना 'वातावरण' या एका शब्दात गुंडाळतो. हे वातावरण नव्हे. तो प्रदेश आहे, त्याला भूगोल आहे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासपत्रिकेत आपण कन्नड कृती नेमतो त्या बहुधा मराठी अनुवादात, कधी इंग्रजीतही. अक्कलकोट आणि जत तालुक्यांतून येणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरी कन्नडच बोलली जाते. त्यांच्या मराठी लेखनातील कानडी वळण आम्ही लाल शाईने खुणावतो आणि त्यांना येणारी भाषा मात्र वर्गात कधी विचारीत नाही. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मूळ कन्नडमधील पंचवीस वचने आणि चोखोबांचे पंचवीस अभंग एकत्र नेमावेत आणि त्या तासाला शिक्षकाने या विद्यार्थ्यांकडून ती वाचून घ्यावीत, एवढे करण्यास नव्या अनुदानाची गरज नाही, आणि न्यायालयाच्या निकालाचीही नाही.